आईनं विझवलेला राब

परत येऊन आठ दिवस झाले. आईनं ते हिरवं लुगडं दोनदा धुतलं, गच्चीवर कडक उन्हात वाळवलं, तरी घडी उलगडली की त्यातून धुराचा वास येतो. चुलीच्या धुराचा नाही. शेण, करपलेला पाला आणि भाजलेली माती, तिन्ही मिळून झालेला एक वेगळाच वास. तो आला की लातूरच्या आमच्या दोन खोल्यांत बसल्या जागी माझे डोळे जड होतात आणि मी पुन्हा त्या नदीकाठी जाऊन पोचते. वास आहे तोवर लिहून टाकावं म्हटलं.

आधी थोडं घरचं सांगते. मी नंदा. रक्त तपासायच्या लॅबमध्ये वीस वर्षं काचपट्ट्या बघत आले. ती लॅब मे अखेरीस बंद होणार हे कळलं तेव्हा मी चारपाच ठिकाणी अर्ज केले आणि बोलावणं आलं ते थेट खालापूरच्या बाजूच्या एका नव्या इस्पितळातून. एक जूनला रुजू व्हायचं. राहायचं कर्जतला. कर्जत म्हणजे माझ्या दृष्टीनं रेल्वेच्या पाटीवरचं एक नाव होतं, त्यापलीकडे काही नाही.

प्रश्न माझा नव्हता, आईचा होता. आई एकाहत्तर वर्षांची. बाबा गेल्यावर तिनं घराजवळच्या खानावळीला ज्वारीच्या भाकरी थापून द्यायला सुरुवात केली, ती अजून देते. सकाळी तिचा थप थप आवाज ऐकून आमच्या गल्लीतली पोरं शाळेला उठतात. ती म्हणाली, "तिकडं समदे भात खाणारे. मी काय करू तिथं? भिंतीकडं बघत बसू?" तिला एकटीला लातूरला ठेवणं शक्य नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिच्याशिवाय मला करमतही नाही. म्हणजे ती नाही म्हणाली की माझीही नोकरी गेली.

खूप विनवल्यावर तिनं एक अट घातली. "चार दिवस बघून येऊ. तोवर 'कसं वाटलं, कसं वाटलं' म्हणून मला इचारायचं नाही. बघते आन् मग सांगते."

मी कबूल झाले. पण निघायच्या आदल्या दिवशी वहीचं एक पान फाडून त्यावर लिहिलं, 'घरगुती कारणामुळे मी आपल्याकडे रुजू होऊ शकत नाही.' टाइप नंतर करायचं, पण कच्चं आधी हातानं लिहायची माझी जुनी सवय. खाली तारखेची जागा मोकळी ठेवली, पानाची चौघडी केली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात सरकवली. आईला हे मी सांगितलं नाही.

भिसेगाव

पहाटे कर्जतला उतरलो. इस्पितळातल्या एका सिस्टरनं भिसेगावातली तिची रिकामी खोली चार दिवसांसाठी दिली होती. स्टेशनबाहेर दिलीप नावाचा पन्नाशीचा रिक्षावाला भेटला आणि पुढे चारही दिवस तोच आमच्याबरोबर राहिला. "काय लागलं तं फोन करा. आपून हितंच हाय," असं म्हणून त्यानं आमच्या पिशव्या खोलीपर्यंत आणून दिल्या. त्यातली एक पिशवी उचलताना तो वाकला, कारण आईनं तिच्यात पाच किलो ज्वारीचं पीठ भरलं होतं. परक्या गावाचा भरवसा काय?

मागचं दार उघडलं आणि आम्ही दोघी उंबऱ्यावरच थांबलो. आमच्याकडे जमीन सपाट, आभाळ सगळीकडून खाली टेकलेलं. इथे दाराबाहेर दहा घरं, मग झाडं, आणि त्यांच्यावर सगळं आभाळ अडवून उभा निळा डोंगर. एका अंगाला माथेरानचा, दुसऱ्या अंगाला सह्याद्रीची लांबच लांब भिंत. पायथ्याशी धुकं होतं की धूर, कळत नव्हतं. डोंगर त्याच्यावर अलगद ठेवल्यासारखा दिसत होता. मला वाटलं, आपण अजून गाडीतच आहोत आणि हे झोपेतलं दिसतंय.

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "नंदे, इथं दिवस उशिरा उगवत असंल."

"का गं?"

"त्याला एवढं चढून यायचंय की."

आणि खरंच, उजाडून बराच वेळ झाला तरी ऊन आलं नाही. आलं तेव्हा डोंगराच्या एका खिंडीतून एकदम आलं आणि समोरच्या पत्र्यांवर सांडलं. आईनं चहाचा कप हातात धरून तेवढा वेळ वाट पाहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, ते तिच्या लक्षात आलं. "काय बघलालीस माझ्याकडं? डोंगर बघ," ती म्हणाली.

दुपारी खानावळीत जेवलो. ताटात तांदळाची भाकरी, कडव्या वालांचं बिरडं, आणि भाताचा हा एवढा ढीग. आईनं भाकरीचा तुकडा उजेडात धरला. पांढरीशुभ्र आणि मऊ होती, तुकडा मोडताना जराही तडकली नाही. आईनं शांतपणे खाल्ली, बिरडं दुसऱ्यांदा मागून घेतलं, आणि बाहेर आल्यावर निकाल दिला. "थापणारीचा हात चांगलाय. पण पोटात काही गेलं असं वाटलं नाही." संध्याकाळी खोलीवर तिनं स्वतःच्या पिठाच्या दोन भाकरी थापल्या तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

खालापूर

दुसऱ्या दिवशी इस्पितळ बघून आलो. लॅब अजून पुरती लागली नव्हती, खोकी तशीच होती. पण सूक्ष्मदर्शक जिथे ठेवणार होते त्या टेबलासमोर मोठी खिडकी होती आणि खिडकीत डोंगर. वीस वर्षं मी ट्यूबलाइटखाली पिवळ्या भिंतीसमोर बसले. तिथल्या रिकाम्या स्टुलावर मी मिनिटभर टेकले आणि मला ती जागा इतकी हवीशी झाली की मी उगाच टेबलावरची धूळ हातानं पुसली. आई दारात उभी होती.

मग घरं बघायला निघालो. दलाल चुणचुणीत होता. त्यानं आम्हाला महामार्गाच्या बाजूच्या एका नव्या वसाहतीत नेलं. बाग, पोहण्याचा तलाव, फाटकावर रखवालदार. वरच्या मजल्यावरची खोली उघडून तो म्हणाला, "आजी, बाल्कनीत या. फुल माउंटन व्ह्यू!"

आईनं डोंगराकडे पाहिलंच नाही, तो तिनं आदल्या दिवशी बघून घेतला होता. तिनं समोरच्या दारावरचं कुलूप पाहिलं. मग त्याच्या शेजारचं. मग खालच्या मजल्यावरची.

"इथं राहतं कोण?" तिनं विचारलं.

"मुंबईचे लोक आहेत ना आजी. शनिवार-रविवार येतात."

"आन् सोमवारी मी हाक कुणाला मारायची?"

दलालानं रखवालदाराकडे बोट दाखवलं. रखवालदारानं बिचाऱ्यानं उठून नमस्कार केला. निघताना दलालानं माझ्या हातात एक चकचकीत रंगीत पत्रक दिलं, त्यावर तलावात पाय सोडून हसणारं एक कुटुंब होतं. मी ते पर्समध्ये टाकलं. परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना भाताची बोडकी खाचरं, त्यांत मधेच एखादा पेटल्यासारखा लाल पळस. रिक्षात आई पेंगत होती. मी मनातल्या मनात त्या चौघडी कागदावर तारीख घालत होते.

दिलीपला आमचं काय बिनसलंय ते न सांगता कळलं. तो म्हणाला, "आवं, तुमाला शेजार पायजे ना? मंग उद्या माझ्यासंगती भिवपुरीकडं चला. गावात खोली हाय. शेजार इतका हाय का कंटाळाल."

पेज नदीच्या काठी

भिवपुरीच्या अलीकडे ते गाव आहे. खोलीचा मालक लग्नाला गेला होता, तिसऱ्या प्रहरी येणार होता. दिलीपनं आंब्याच्या सावलीत रिक्षा लावली आणि आत पाय दुमडून झोपला. आम्ही दोघी खाली नदीवर गेलो.

एप्रिलचं ऊन, आणि समोर दोन्ही काठ भरून चाललेली नदी! आमच्या शहराला एका उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी आलं होतं. घागरी घेऊन रांगेत उभं राहिलेल्या बाईला एप्रिलमधली वाहती नदी म्हणजे काय, ते कोकणातल्या माणसाला सांगून समजायचं नाही. आईनं चपला काढल्या, लुगडं आवरलं आणि घोट्याइतक्या पाण्यात जाऊन उभी राहिली. मी तिला दिलीपनं सांगितलेलं सांगितलं. हे पाणी घाटावरच्या धरणातलं. मोठ्या नळांतून डोंगर उतरून येतं, भिवपुरीला वीज करतं आणि मग नदीत सोडतात.

"म्हंजे कामावरून आलेलं पाणी हाय हे," आई म्हणाली. मग वाकून तिनं ओंजळ भरली आणि दोन्ही डोळ्यांना लावली. "दमलेलं वाटत नाही."

मी एका खडकावर बसून पाय पाण्यात सोडले. पलीकडच्या काठावर कुणीतरी कपडे आपटत होतं. हात खाली यायचा आणि आवाज जरा मागून यायचा. पाण्याखाली माझी पावलं हिरवी, हलती, दुसऱ्याच कुणाची तरी वाटत होती. डोळे कधी मिटले कळलं नाही. झोपेत मी त्या खिडकीसमोरच्या स्टुलावर होते, काचपट्टीवर रक्ताऐवजी नदीचं पाणी होतं, आणि आई कुठूनतरी भाकरी थापत होती.

"नंदे! ऊठ! आग लागली, आग!"

डोळे उघडले तर आई काठ चढून धावत होती. वरच्या खाचराच्या कोपऱ्यात चार खोल्यांएवढा तुकडा धुमसत होता. ज्वाळा नव्हती, पण निळापांढरा धूर जमिनीलगत लोळत होता. पलीकडचं कपडे धुणारंही निघून गेलेलं, जवळपास चिटपाखरू नाही. पाण्याच्या काठाला कुणाची तरी कळशी आणि बादली पडली होती. आईनं कळशी उचलली, मी बादली. आमच्याकडे एप्रिलात शेतात धूर दिसला की विचारत बसायचं नसतं. कडब्याची गंजी वाऱ्यानं पेटली तर वर्षाचा चारा तासाभरात जातो. आईच्या माहेरी तसं झालं होतं. एकाहत्तरीची बाई तो काठ कळशी घेऊन पाच वेळा चढली. मी आठनऊ बादल्या ओतल्या. धुमसणाऱ्या कडेकडेनं आम्ही नेमानं पाणी घातलं. चर्र आवाज व्हायचा, राखेचा चिखल व्हायचा. शेवटचा धूर विझला तेव्हा आम्ही दोघी बांधावर बसून लढाई जिंकल्यागत धापा टाकत होतो.

तेवढ्यात गावाकडून एक बाई ओरडत आली. साठीची, काटक, कासोटा घातलेली.

"आगं बायांनो! काय करता गं ह्ये?"

आईनं तिला हातानं धीर दिला. "घाबरू नका बाई. इजली. समदी इजली आता."

ती बाई चिखलाकडे बघत मटकन खाली बसली. "आगं माझा राब व्हता गं तो! जेवायला घराकडं गेले तं तुमी राब इजवलात व्हय?"

राब म्हणजे काय हे मला त्या क्षणी कळलं, आणि ते कळायची ही रीत काही बरी नव्हे. भाताचं बी पेरायचं त्या तुकड्यावर ही माणसं महिनामहिना डोंगरातून झाडांच्या फांद्या, वाळका पाला वाहून आणतात. खाली शेण, त्यावर फांद्या, त्यावर पाला, पेंढा आणि सगळ्यावर बारीक मातीचा थर. मग वाऱ्याच्या उलट बाजूनं विस्तव लावतात, म्हणजे ते भडकत नाही, सावकाश धुमसत जातं आणि खालची माती भाजून निघते. "न भाजता पेरलं तं भातापरीस गवात जास्ती येतं. मंग लावणीला काय गवात लावू?" ती बाई म्हणाली. तिचं नाव यमुनाबाई. अर्धा राब भाजून झाला होता, अर्धा कच्चा होता आणि मधे आमच्या पाण्याचा पट्टा. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

आईचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. ती उठली, यमुनाबाईंसमोर जाऊन उभी राहिली आणि हात जोडले. "चुकलं माझं. आमच्याकडं धूर दिसला की पळायचं, एवढंच ठावं. माझ्या माहेरचा कडबा जळाला तवा एक माणूस येळंवर आलं नाही, म्हणून..."

यमुनाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. चिखलानं भरलेले पाय, ओलं लुगडं, पदराला राख. आणि त्यांना हसू फुटलं. एकदा फुटलं ते आवरेना. "आगं मावशे, या वयात येवढं पानी वाहिलंस? आमच्या घरचं कोन आसं धावत नाय!"

आरड्याओरड्यानं दिलीप उठून आला, त्यानं सगळं ऐकलं आणि तोही बांधावर बसून हसला. मग आमची ओळख करून द्यावी म्हणून म्हणाला, "या लातूरच्या. हिकडं राहाया येनार हायत."

"मंग बराबर हाय," यमुनाबाई म्हणाल्या. "आमी रोप ह्या राबात वाढवतो नि उपटून त्या पल्याडच्या खाचरात लावतो. तुमी बी तशाच गं. तिकडून उपटायचं नि हिकडं लावायचं."

आई हसली नाही. "मी रोप हाय का बाई? माझे दाणे भरून, खळं होऊन गेलं. कडबा झालेली बाई मी. कडबा कुठं लावतात व्हय?"

मला ते जिव्हारी लागलं. हे उत्तरच होतं, आणि मी तर विचारलंही नव्हतं.

जरा वेळानं आईनं पदर खोचला. "पाला कुठनं आणायचा? उद्या आमी येताव."

कोंडाणे राहिलं

चौथ्या दिवशी मला कोंडाण्याची लेणी बघायची होती. जुनी बौद्ध लेणी आहेत, पावसाळ्यात त्यांच्यावरून पाणी कोसळतं म्हणे. फोटो बघून ठेवले होते. ती बघायची राहिली. ज्यांना लेण्यांविषयी वाचायचं असेल त्यांनी दुसरं कुणाचं तरी प्रवासवर्णन वाचावं. माझ्याकडे फक्त पाला आहे.

सकाळी सहालाच आम्ही यमुनाबाईंबरोबर डोंगराच्या उतारावर होतो. ऊन अजून पलीकडच्या अंगाला होतं. झाडांखाली पाल्याचा घोटाभर थर, पाय टाकला की चुरचुर. यमुनाबाई डहाळीच्या झाडूनं पाला लोटत पुढे, आई तो टोपलीत दाबत मागे. मधेच कुठून तरी करवंदाच्या जाळीचा आंबटगोड वास यायचा आणि जायचा. खाली नदीवर धुराची एक रेघ आडवी पसरली होती, दुसऱ्या कुणाचा तरी राब. मला आता तो धूर बघून पळावंसं वाटत नव्हतं. चारच दिवसांपूर्वी हे गाव मला ठाऊक नव्हतं आणि आता त्याच्या धुरात मला चांगलंवाईट कळत होतं. गंमतच आहे.

दोन्ही म्हाताऱ्या बोलत होत्या. मी ऐकू येईल इतकी जवळ, पण त्यांच्यात नाही.

"लेक येकटीच हाय का गं?"

"एकटीच. माझ्यासाठी अडून बसते. मी तिच्यासाठी. अशी आमची बैलजोडी, एकाला दुसरा हलू दीना."

मी खाली वाकून उगाच पाला गोळा करत राहिले.

नऊच्या सुमाराला खाचरात उतरलो. चिखलाचा पट्टा खरवडून काढला. नवं शेण पसरलं, पाला घातला, पेंढा घातला. वरचा मातीचा थर आईनं दिला. भाकरी थापताना परातीत पीठ भुरभुरावं तशी तिनं माती भुरभुरली, इतकी सारखी की यमुनाबाई बघत राहिल्या. "हात बसलेला हाय गं तुजा," त्या म्हणाल्या. त्यानंतरची माती आईनं जरा जास्तच निगुतीनं टाकली.

दुपारी त्यांच्या घरी जेवायला बसलो. ताटात भात आला, सुकटीची चटणी आली. सुकटीच्या वासानं आईनं आधी पदर नाकाला लावला, मग एक बोट चाखलं, मग आणखी एक. यमुनाबाईंच्या स्वतःच्या ताटात मात्र भात नव्हता. काळपट, चिरा पडलेले काही तुकडे होते.

"हे काय?" आईनं विचारलं.

"ज्वारीची भाकरी. शुगर हाय ना मला. डाक्टर बोलला, भात बंद. आता भात बंद केला तं मानसानं जेवायचं काय? ही ज्वारी करायला जाते तं तव्यावर जाईस्तवर तुटते. सहा महिनं झालं, तुकडंच खाते. गावात नुस्ती मीच नाय, धापंधरा बाया हायत शुगरवाल्या. समद्यांची तीच रड."

आईनं हातातला घास खाली ठेवला. परतीच्या गाडीसाठी आमचं सामान सकाळीच रिक्षात भरलं होतं, दिलीपला हाक मारून तिनं त्यातली पिठाची पिशवी मागवली. मग चुलीपुढे बसून तिनं परात पुढ्यात ओढली. "पीठ जुनं झालं की तुटतं. ताजं दळून आणायचं. आन् तांदळासारखं उकड काढू नका, नुसतं गरम पाणी वता, मळा, मळतच राहा. आता हात द्या इकडं." तिनं यमुनाबाईंचा हात धरून पिठाच्या गोळ्यावर ठेवला, त्यावर स्वतःचा ठेवला. थप थप आवाज सुरू झाला. शेजारची एक बाई दारात येऊन उभी राहिली. मग आणखी दोन. पहिली भाकरी तव्यावर फुगली तेव्हा यमुनाबाईंनी टाळी वाजवली. मी भिंतीला टेकून बसले होते. ऊन, धूर आणि तो ओळखीचा आवाज, माझे डोळे पुन्हा मिटायला लागले. क्षणभर मला नीट आठवेना की आपण कुठल्या गावात आहोत.

उन्हं कलल्यावर वारा फिरला. यमुनाबाई म्हणाल्या, "आता लावू." पण काठावरचा पेंढा आमच्या कालच्या पाण्यानं अजून सादळलेला होता, काडी धरली की विझायची. "कागद हाय का गं कुनाकडं?"

माझी पर्स आंब्याच्या फांदीला अडकवलेली होती. आई गेली, पर्समध्ये हात घातला आणि एक कागद घेऊन आली. मी पलीकडच्या बांधावर मातीची टोपली घेऊन उभी होते, डोळ्यांत धूळ गेली होती. दलालाचं ते पत्रक गेलं तर बरंच झालं, असं मनात म्हटलं. आईनं वाकून स्वतःच्या हातानं कागद पेटवला आणि पेंढ्याखाली सारला.

राब पेटला. म्हणजे भडकला नाही, नुसता श्वास घ्यायला लागला. एक तांबूस रेघ मातीखालून इंच इंच सरकत चालली आणि धूर उताराला लागून नदीवर जाऊन पडला. आई बांधावर बसून राहिली. गाडीची वेळ झाली म्हणून दिलीपनं दोनदा भोंगा वाजवला, तेव्हा उठली.

"पेरणी कधी?" तिनं यमुनाबाईंना विचारलं.

"मिरगाला."

"आमच्या पाण्याच्या पट्ट्यात रोप नीट यील ना?"

"आलं तं आलं. नाय आलं तं गावभर तुजंच नाव सांगीन. लातूरवालीनं इजवला म्हनून!"

लग्नाला गेलेला मालक आला होता म्हणे, पण खोली बघायची आमची राहूनच गेली.

लातूर

चार दिवस संपले होते. कबूल केल्याप्रमाणे आता मी विचारू शकत होते. पण गाडीत आई खिडकीला डोकं टेकून गप्प होती, आणि मला तिचं कडब्याचं बोलणं आठवत होतं. मी भ्यायले. घरी आल्यावर ती पुन्हा खानावळीच्या भाकरी थापायला लागली, जसं काही आम्ही कुठे गेलोच नव्हतो. एक दिवस गेला, दोन गेले, आठ गेले.

आज सकाळी इस्पितळातून फोन आला. संध्याकाळपर्यंत कळवा म्हणाले. फोन ठेवून मी बराच वेळ खाटेवर बसले. मग ठरवलं, तिच्या तोंडून नाही वदवून घेऊन तिला दोषी कशाला करायचं? आपणच तारीख घालावी. पर्स घेतली, आतला कप्पा उघडला.

कप्प्यात कागद नव्हता. सगळी पर्स खाटेवर पालथी केली. किल्ल्या, तिकिटं, दोन वाळकी करवंदं, आणि तलावात पाय सोडून हसणारं ते कुटुंब. चकचकीत पत्रकावर साधा डागसुद्धा नव्हता.

मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. आईची पाठ माझ्याकडे होती.

"आई, माझ्या पर्समध्ये एक कागद होता."

थप थप थांबलं नाही. "होता."

"तू वाचलास?"

"पैल्याच दिवशी. तिकिटं नीट हायत का बघायला उघडली पर्स."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोललीस व्हय मला?" तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "आन् चार दिवस इचारू नको म्हणाले होते. आज नववा दिवस हाय. इचारायला काय तोंडाला कुलूप घातलंस?"

शेवटी म्हटलं, "मग येतेस?"

"न येऊन कसं चालंल? मिरगाच्या आत तिथं पोचायला पायजे. त्या पट्ट्यात रोप आलं नाही तर ती बाई गावभर माझं नाव करंल. आन् फोन आला होता तिचा काल, भाकरी अजून कडंला चिरतीय म्हणून." तिनं भाकरी उलटली. "खानावळवाल्याला मी परवाच सांगितलंय, दुसरी बाई बघ."

मी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि रडले. हसतही होते. धुराचा वास कुठून येत होता कोण जाणे, लुगडं तर पेटीत होतं.

"पण आई," मी डोळे पुसत म्हटलं, "माझा कागद तू न विचारता जाळलास."

आईनं फुगलेली भाकरी चिमट्यानं उचलून टोपलीत टाकली.

"वाळलेला होता," ती म्हणाली. "लगीच पेटला."